परक्या ट्रेमधला कागद

१

मंगळवारी सकाळी एका कंपनीच्या प्रिंटरच्या ट्रेमध्ये दुसऱ्याच कंपनीचा कागद सापडला, आणि गुरुवारपर्यंत त्या एका कागदापायी एका घरात नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं होतं.

साधासुधा कागद असता तर कुणीही त्याचा बोळा करून टोपलीत टाकला असता. पण हा होता पायऱ्या चढणाऱ्या चाकांच्या खुर्चीचा आराखडा, वर ठसठशीत अक्षरांत ‘गोपनीय’ छापलेलं. अपंगांसाठी खुर्च्या बनवणाऱ्या जुन्या कंपनीने तो वर्षभर जिवापाड जपला होता. आणि तो सापडला नव्या कंपनीत, म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, अगदी तोंडासमोर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे.

आता गंमत बघा. तो आराखडा काढणारा डिझायनर जुन्या कंपनीत, आणि त्याची बायको नव्या कंपनीत. मग चोर कोण, हे ठरवायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही. बुधवारी बायकोला ‘पुढची सूचना मिळेपर्यंत घरीच बसा’ असं सांगण्यात आलं. शनिवारी तिच्या नावाने पोलिसांत तक्रार द्यायची, असं जुन्या कंपनीच्या साहेबांनी ठरवून टाकलं.

गुरुवारी डिझायनरने थोरल्या बहिणीला फोन केला. घरात त्याला सगळे बंड्या म्हणत, आणि चाळिशी आली तरी ते सुटलं नव्हतं. ताई विमा कंपनीसाठी जळलेल्या गोदामांची तपासणी करायची. आग कुठून लागली, आपोआप लागली की कुणी लावली, हे राख उकरून सांगायचं, हा तिचा पोटापाण्याचा धंदा. राखेशी तिचं चांगलं जमायचं. कॉम्प्युटरशी मात्र उभं हाडवैर.

“ताई, तू ये. माझं डोकंच चालत नाहीये,” बंड्या म्हणाला.

“चिऊ काय म्हणते?” ताईने भावजयीबद्दल विचारलं.

बंड्या हळू आवाजात म्हणाला, “मी तिला फक्त विचारलं, की तू घेतलास का कागद. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.”

२

ताई पोचली तेव्हा चिऊ स्वयंपाकघरात भांडी घासत होती. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. ताईला बघताच तिने हात पुसले आणि काही न विचारता सांगून टाकलं, “ताई, मी नाही केलं. तुमचा विश्वास बसो न बसो.”

“विश्वास हे माझं काम नाही गं. मला आधी ते यंत्र दाखव.”

यंत्र म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातला थोराड कॉम्प्युटर. बंड्याच्या आराखड्यांना ताकदवान कॉम्प्युटर लागायचा, दोन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून दोघांचं घरून करायचं काम त्याच एकावर चालायचं. पडद्याच्या कोपऱ्यात दोन बारकी कुलपं होती. एक हिरवं, एक निळं.

“ही दोन व्हीपीएन,” बंड्या म्हणाला. “म्हणजे घरून थेट ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा खासगी बोगदा समज. हिरवं माझ्या ऑफिसचं, निळं हिच्या.”

“एकाच यंत्रावर दोन बोगदे? आणि एकमेकांच्या वाटेत येत नाहीत?”

“येतात की! कधी हिचं लावलं की माझी फाइल उघडत नाही, कधी माझं लावलं की हिची मेल अडकते. नुसता डोक्याला ताप. प्रत्येक वेळी तोडायचं, मोबाइलवर कोड येईपर्यंत वाट बघायची, तो टाकायचा, पुन्हा जोडायचं. अर्धं आयुष्य त्यात गेलं माझं.”

“सोमवारी काय झालं ते सांग. गाळून नको सांगूस.”

“काय सांगू? आराखडा माझ्यासमोर उघडा होता. ही आईकडे गेली, तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं ना मंगळवारी. घर शांत झाल्यावर मी हाताच्या दांडीचं टोक गोल केलं, आधी टोकदार होतं. मग रोजच्यासारखी ऑफिसच्या प्रिंटरवर प्रिंट सोडून दिली. म्हणजे सकाळी गेल्या गेल्या ट्रेमध्ये कागद तयार. पण मंगळवारी ट्रे रिकामा! प्रिंटर अधूनमधून रुसतोच. परत काढला.”

“तू कुणाला सांगितलंस का ऑफिसात, की चिऊ समोरच्या कंपनीत आहे?”

“वेडी आहेस का? उगाच संशय नको म्हणून मी तिथे कधी चकार शब्द काढला नाही. साहेबांना कुठून कळलं, देव जाणे.”

ताई चिऊकडे वळली. “आणि तू?”

“मी जेमतेम पाच मिनिटं बसले होते. हा चहा करायला उठला तेव्हा. रजा टाकायची राहिली होती. निळं कुलूप लावलं, रजा टाकली, तेवढ्यात आईचा फोन आला आणि मी निघाले.”

“त्याचं हिरवं बंद केलंस?”

“छे! त्याच्या कुलपाला हात लावला की हा घर डोक्यावर घेतो.”

बंड्या काहीतरी पुटपुटला. ताईने लक्ष दिलं नाही. आगीच्या चौकशीत माणसं चिडून बोलली की खरं बोलतात, हा तिचा अनुभव. इथे मात्र दोघंही चिडलेली होती, दोघंही खरं बोलत असल्यासारखी वाटत होती, आणि कागद तर पायांनी चालत रस्ता ओलांडून गेला नव्हता.

३

नव्या कंपनीच्या प्रमुख बाई सडेतोड होत्या. त्यांच्या टेबलावर खुर्चीची चाकं, स्क्रू आणि फायली यांचा ढीग होता, त्यातूनच त्यांनी ताईसाठी कोपरभर जागा केली.

“हे बघा, मला दुसऱ्याचा आराखडा नको. माझा मला पुरेसा आहे. कागद दिसला, मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला, कागद पाकिटात घातला आणि त्यांच्याकडे पाठवून दिला.”

“कुणाचं नाव कळवलंत?”

“कुणाचंच नाही. मला काय माहीत कुणी काढला! दुपारी त्यांच्या साहेबांचाच फोन. म्हणाले, तुमच्याकडची अमुक बाई माझ्या डिझायनरची बायको आहे, घरी दोघांत एकच कॉम्प्युटर आहे, तिनेच आणला. मी चाट पडले. मग तिला घरी बसवण्यावाचून मला गत्यंतर उरलं नाही.”

ताईने फोटो मागितला. बाईंनी मोबाइल पुढे केला. खुर्ची, मापं, वर ‘गोपनीय’. कागदाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक राखाडी रेघ.

“ही रेघ आराखड्यातली?”

“कसली हो! आमच्या प्रिंटरचा रोलर खरवडलाय. गेले कित्येक दिवस तो प्रत्येक कागदावर हीच रेघ मारतोय. दुरुस्तीला सांगून सांगून तोंड दुखलं.” बाईंनी ढिगातलं एक साधं पत्र ओढून दाखवलं. त्यावरही तशीच रेघ, त्याच जागी.

ताईने जोरात श्वास सोडला. इथे येईपर्यंत तिची अशी समजूत होती की कागद जुन्या कंपनीत छापला आणि कुणीतरी इकडे आणून टाकला. ती समजूत आता पार निकालात निघाली. कागद कुणी आणलाच नव्हता. तो इथेच, ह्याच प्रिंटरमधून बाहेर पडला होता.

“सोमवारी संध्याकाळी ऑफिसात कोण होतं?” तिने विचारलं.

“कुणी नाही. सगळे वेळेवर घरी गेले. मंगळवारी कुलूप मीच उघडलं.” बाईंनी पत्र ढिगात परत ठेवलं. “ताई, म्हणजे छापायची आज्ञा बाहेरून आली. आणि आमचं निळं कुलूप घरी फक्त तुमच्या भावजयीकडे आहे.”

राख उकरायला यावं आणि आपल्याच माणसाची काडेपेटी हाताला लागावी, तसं ताईला झालं.

४

आशेला जागा होती ती एकच. दोन्ही कंपन्यांत सारखा वावरणारा एक माणूस होता, नेटवर्क बसवणारा ठेकेदार. त्याला सगळे केबलवाला म्हणत. ताईने त्याला त्याच्या दुकानात गाठलं. दुकान कसलं, तारांचं जंगल. त्यात तो स्टुलावर बसून मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

“माझ्यावर ढकलू नका हं,” तो आधीच म्हणाला. “दोन्हीकडे एकाच मॉडेलचा प्रिंटर मी बसवलाय, कबूल. पण सोमवारी मी दुसऱ्या गावी होतो, दाताच्या डॉक्टरकडे. हे बघा,” आणि त्याने तोंड उघडून नवीकोरी दाढ दाखवली. ताईने नाइलाजाने ती बघितली.

“माझा भाऊ जुन्या कंपनीत डिझायनर, त्याची बायको नव्या कंपनीत. त्यांच्या घरी गेला होतात कधी?”

“तुमच्या भावाच्या घरी कॉम्प्युटर एक आहे की चार, मला काय ठाऊक? त्याची बायको समोरच्या कंपनीत आहे, हेही आत्ता तुमच्याकडून कळतंय.”

“बरं. बसवताना दोन्हीकडे काय काय केलंत ते सांगा.”

“त्यात सांगायचं काय? प्रत्येक यंत्राला नेटवर्कमध्ये एक नंबर द्यावा लागतो, घरनंबरासारखा. लोक दर ऑफिसात वेगवेगळे नंबर देतात, मग विसरतात, मग मला फोन करतात. मी शहाणा आहे. माझी एक पद्धत आहे. कुठल्याही ऑफिसात जा, मी बसवलेल्या प्रिंटरचा नंबर पन्नास. पुढचे आकडेही तेच. डोक्याला त्रास नाही.”

“दोन्ही कंपन्यांत?”

“दोन्ही काय, मी केलेल्या सगळ्या ऑफिसांत. आजपर्यंत कुणाची तक्रार नाही.” त्याने पुन्हा मोबाइल उचलला.

ताई दुकानाबाहेर आली आणि पायरीवरच उभी राहिली. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण नेमकं कुठे ते दिसत नव्हतं. दोन सोसायट्या, दोन्हीकडे घर नंबर पन्नास. पोस्टमनला सोसायटीचं नाव न सांगता नुसतं ‘पन्नास’ सांगितलं, तर तो काय करेल? ज्या फाटकातून आत शिरला असेल, तिथल्याच पन्नासमध्ये टाकेल. पण बंड्याचं हिरवं फाटक तर उघडं होतं. मग पोस्टमन निळ्यात शिरला कसा?

तिने बाईंकडून घेतलेला फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. खुर्चीच्या हाताच्या दांडीचं टोक गोल होतं.

५

“बंड्या, हा कागद तू काढलास.”

घरात शिरताशिरता ताईने हे म्हटलं आणि फोटो त्याच्यासमोर धरला. “टोक गोल आहे. ते तू सोमवारी चिऊ गेल्यावर केलंस. तिने हे टोक गोल झालेलं पाहिलेलंच नाही. तिने छापला असता तर ते टोकदार असतं.”

चिऊ दारात उभी होती. बंड्याचा चेहरा पांढराफटक पडला. “म्हणजे मी माझाच आराखडा शत्रूला दिला? ताई, तू माझी बहीण आहेस की कोण?”

“तू दिलास असं नाही म्हटलं. तू बटण दाबलंस. पुढचं यंत्राने केलं. ते मला आता सिद्ध करायचंय, आणि उद्या शुक्रवार आहे.”

शुक्रवारी सकाळी ताईने हिरव्या कुलपाच्या मदत केंद्राला फोन लावला. गाणं वाजलं. बराच वेळ वाजलं. मग एक गोड आवाज म्हणाला, “आमचं व्हीपीएन ज्या कॉम्प्युटरवर असतं तिथे दुसरं कुठलंच नसावं, मॅडम. दुसरं असेल तर आम्ही जबाबदार नाही.” निळ्या कुलपाच्या केंद्राने शब्द न शब्द तेच सांगितलं, फक्त गाणं वेगळं होतं. दोघांनीही हात वर केले. एकमेकांबद्दल बोलताना मात्र दोघांनाही जोर चढला.

“अरे पण दोन्ही असली तर होतं काय, ते सांगा ना!” ताई शेवटी ओरडली.

“ते सांगता येत नाही, मॅडम. यंत्रागणिक वेगळं.”

ताईने फोन आदळला. मग बाईंना विनवून चिऊचं निळं कुलूप तासाभरासाठी चालू करून घेतलं. बाईंना त्यांच्या प्रिंटरपाशी उभं केलं, जुन्या कंपनीच्या साहेबांना त्यांच्या. साहेब आधी ऐकेनात. “तुमच्या कंपनीत पुन्हा असंच झालं तर तेव्हा कुणाची बायको शोधणार?” असं ताईने विचारल्यावर ते कुरकुरत उठले. दोघेही फोनवर राहिले.

चिऊने निळं कुलूप लावलं. मग बंड्याने हिरवं लावलं. कोऱ्या पानावर ताईने मोठ्या अक्षरांत ‘भोपळा’ टाइप करायला लावलं, आणि बंड्याने बटण दाबलं.

“आला,” साहेब म्हणाले. “इथे आला, आमच्याकडे. भोपळा. व्यवस्थित. झालं तुमचं समाधान? मी तक्रार लिहायला घेतो.”

ताईला वाटलं, तो कॉम्प्युटर उचलावा आणि खिडकीतून फेकून द्यावा. जळलेलं गोदाम निदान खोटं बोलत नाही. हे यंत्र आज शहाण्यासारखं वागत होतं, आणि त्याच्या शहाणपणापायी एक निरपराध बाई चोर ठरत होती.

६

“साहेब, फोन ठेवू नका,” ताई म्हणाली. ती खोलीत येरझाऱ्या घालत होती. “चिऊ, सोमवारी तू बसलीस तेव्हा हिरवं आधीच लागलेलं होतं ना?”

“हो. हा दुपारपासून त्यावरच होता.”

“आणि आत्ता आपण निळं आधी लावलं! माझंच चुकलं. उलटं करा. दोन्ही तोडा. आधी हिरवं, मग निळं. सोमवारी होतं तसं.”

कोड येईनात. हिरव्याचा आला, टाकेपर्यंत त्याची मुदत संपली. पुन्हा मागवला. बंड्या दातओठ खात होता, फोनवर साहेब उसासे टाकत होते. शेवटी हिरवं लागलं. त्यावर चिऊने निळं लावलं. पडद्यावर दोन्ही कुलपं मिटलेली, दोन्ही सज्जन दिसत होती.

बंड्याने बटण दाबलं.

“इथे काही नाही,” साहेब म्हणाले.

मग दुसऱ्या फोनवरून बाईंचा आवाज आला, “अहो, भोपळा इथे आलाय! आमच्या रेघेसकट!”

ताई खुर्चीत बसली. तिला एकदम थकल्यासारखं झालं. मग तिने दोन्ही फोनांवर सगळं उलगडून सांगितलं. दोन्ही ऑफिसांत प्रिंटरचा नंबर एकच, कारण ठेकेदाराला लक्षात ठेवायचा आळस. ह्या यंत्रावर दोन बोगदे एकदम उघडे राहिले की जो नंतर उघडला त्यातूनच ते सामान पाठवतं, आणि आधीचं कुलूप तसंच मिटलेलं दिसत राहतं. चिऊने घाईत निळं तसंच ठेवलं. आराखडा आधीपासून उघडा होता, म्हणून बंड्याला काही कळलं नाही. त्याने रोजच्यासारखा प्रिंटर नंबर पन्नासवर कागद पाठवला आणि तो समोरच्या पन्नासमध्ये जाऊन पडला. म्हणूनच मंगळवारी त्याचा ट्रे रिकामा होता.

साहेबांनी खाकरून घसा साफ केला. “तक्रार करत नाही मी. आणि त्या केबलवाल्याला बघतो.”

“सोमवारी कामावर या,” बाई चिऊला म्हणाल्या. “माझी चूक झाली. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

फोन बंद झाले. बंड्याने टाळी वाजवली, ताईला मिठी मारली, चिऊकडे वळून म्हणाला, “बघितलंस? मी म्हणतच होतो, ह्या व्हीपीएनमध्येच घोळ आहे! कुणाचाच दोष नाही. आता हस बघू.”

चिऊ हसली नाही. ताईही हसली नाही. बाईंच्या टेबलापासून एक गोष्ट तिला कुसळासारखी सलत होती. बाईंनी कुणाचं नाव कळवलं नव्हतं. बंड्या म्हणतो, ऑफिसात त्याने कधी चकार शब्द काढला नव्हता. केबलवाल्याला हे घर ठाऊक नव्हतं. मग चिऊ कुणाची बायको आणि घरात कॉम्प्युटर किती, हे साहेबांना मंगळवारी दुपारी कुणी सांगितलं? उत्तर एकच उरत होतं. ते तिने भावासाठी पोटात ठेवलं होतं, आणि त्याचा तिला राग येत होता.

“कागद चुकून गेला,” चिऊ शांतपणे म्हणाली. “माझं नाव कसं गेलं?”

बंड्याने ताईकडे पाहिलं.

“माझ्याकडे बघू नकोस,” ताई म्हणाली. “ती विचारतेय. तिला सांग.”

“साहेबांनी पाकीट माझ्यासमोर आपटलं,” बंड्या म्हणाला. “म्हणाले, तुझा आराखडा तिकडे कसा? नोकरीच गेली असं वाटलं मला.”

“त्यांनी माझं नाव विचारलं?”

“नाही.”

“मग?”

“मीच सांगितलं. म्हटलं, बायको तिकडे आहे, घरी एकच कॉम्प्युटर आहे, तिने घेतला असेल. चिऊ, मी घाबरलो होतो गं.”

चिऊने मान हलवली, जणू तिला हे आधीच ठाऊक होतं आणि फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

“बुधवारी बाईंनी मला समोर बसवून विचारलं होतं, नवऱ्याने काढला असेल का म्हणून,” ती म्हणाली. “मीही घाबरले होते. मी म्हटलं, तो असलं कधी करणार नाही.”

बंड्या तिच्याकडे एक पाऊल गेला आणि तिथेच थांबला. चिऊ स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासू लागली.